‘कणा’ची साक्ष कोणाच्या बाजूने?

कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता ऐकली नाही, असा मराठी वाचक विरळाच. जेमतेम पंधरा ओळींची ही कविता एका संसाराच्या विध्वंसाची कविता आहे. पुराने सर्वस्व गमावलेला एक माजी विद्यार्थी भिजलेल्या, चिखलाने माखलेल्या अवस्थेत आपल्या जुन्या शिक्षकाच्या दारी येतो. घर कसे गेले ते हसत हसत सांगतो. आपण पत्नीसह पुन्हा भिंत उभारण्याच्या कामाला लागलो आहोत, हेही सांगतो. शिक्षक पैसे काढू पाहतात तेव्हा तो ते नाकारतो आणि झुंजत राहा असे सांगणाऱ्या आधाराच्या दोन शब्दांची अपेक्षा व्यक्त करतो. कथा एवढीच आहे. तथापि या एवढ्याशा कथेतून वाचकांनी जे निष्कर्ष काढले आहेत, ते इतके परस्परविरुद्ध आहेत की, सर्वजण एकच कविता वाचत आहेत काय, असा प्रश्न पडावा. हा प्रश्न केवळ साहित्य-समीक्षेचा असता तर या पृष्ठावर त्याची चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु उद्ध्वस्त झालेल्या माणसाला समाजाने आणि शासनाने काय देणे लागते, हा प्रश्न या कवितेच्या वाचनात गुंतलेला आहे आणि तो आपल्या कामाचा आहे.

पहिले वाचन व्यासपीठावरचे. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो, त्या दिवशी ही कविता हमखास म्हटली जाते. पूर येवो, दरड कोसळो वा भूकंप होवो, सांत्वनाच्या भाषणातही तिला स्थान मिळते. वक्ता मंत्री असो, अधिकारी असो की देणगीदार, त्याला या कवितेतील एक गोष्ट विशेष भावते: या माणसाने पैसे मागितले नाहीत, तो रडला नाही, त्याने कोणाला दोष दिला नाही, तो आपल्या पायांवर उभा राहिला. ‘पाहा, याला म्हणतात स्वाभिमान!’ असा या वाचनाचा सूर असतो. आणि हा सूर कानी पडताच समोर बसलेल्या आपद्ग्रस्ताला न बोलता एक गोष्ट कळते. भरपाईचा अर्ज हाती धरून रांगेत उभा राहणारा माणूस या मोजमापाने कण्याचा ठरत नाही. कवितेतल्या माणसाची ताठ मान दाखवून जिवंत माणसाची मान खाली घालायला लावण्याचा हा प्रकार आहे.

दुसरे वाचन याच्या अगदी उलट टोकाचे. ते आपल्याच काही सहकाऱ्यांचे आहे. त्यांना ही कविता मनातून आवडत नाही. त्यांचा आक्षेप असा की, येथे विध्वंसाचे कारण शोधण्याऐवजी त्याला गोडवा दिला आहे. नदी ही माहेरी आलेल्या लेकीसारखी घरात वावरून गेली, असे म्हटले की तिच्याविरुद्ध तक्रार करण्याचा प्रश्नच उरत नाही; लेकीविरुद्ध कोण तक्रार करणार? हा माणूस नदीकाठच्या सखल जागी का राहत होता, त्याचे घर मातीचे का होते, पाणी वाढत असताना त्याला सावध करणारे कोणी का नव्हते, यांपैकी एकही प्रश्न कविता विचारीत नाही. सोसणाऱ्याच्या सहनशक्तीचे कौतुक करणारे वाङ्मय अखेरीस सोसायला लावणाऱ्यांच्याच सोयीचे ठरते, असा या वाचकांचा निष्कर्ष आहे.

तिसरे वाचन सर्वांत मोठ्या संख्येचे असूनही सर्वांत कमी बोलले जाणारे आहे. सुशिक्षित मध्यमवर्गीय वाचक ही कविता वाचताना पूरग्रस्ताच्या जागी उभा राहत नाही; तो शिक्षकाच्या खुर्चीत बसलेला असतो. दारी आलेला मनुष्य पाहून त्याचे मन द्रवते, हात खिशाकडे जातो, आणि तेवढ्यात तो मनुष्यच सांगतो की पैशाची गरज नाही. डोळे ओलावतात आणि खिसाही शाबूत राहतो. या वाचकाच्या भावनेत खोटेपणा नाही. परंतु त्या अश्रूंत सुटकेचा अंश किती, हे त्याने स्वतःलाच विचारावे.

याखेरीज आणखी दोन वाचने आहेत, ती फारशी छापली जात नाहीत. स्त्रियांच्या संघटनेत काम करणारी कार्यकर्ती विचारते की, या कवितेत पत्नीही चिखल उपसते आहे, मग ती एक शब्दही का बोलत नाही? तिच्या पाठीवर हात कोण ठेवणार? आणि गावकुसाबाहेरचा वा डोंगरातल्या वाडीवरचा वाचक त्याहून मूलभूत प्रश्न विचारतो: हा माणूस शाळेत गेला होता, म्हणून त्याला जाण्यासाठी एका सरांचे दार तरी होते, ज्याला शाळाच लाभली नाही, त्याने कोणाच्या दारी जावे?

या पाचही वाचकांना कवितेत काही ना काही खरे सापडले आहे. म्हणूनच ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून हा वाद मिटविता येत नाही. प्रत्येकाने आपापल्या जागेवरून कविता पाहिली हे मान्य केले, तरी कवितेत प्रत्यक्ष काय घडते, हे तपासून पाहण्याचे काम शिल्लक राहतेच.

ते तपासू लागल्यास पहिली गोष्ट ही दिसते की, कवितेत शासन नावाची व्यक्ती मुळी नाहीच. तलाठी नाही, मामलेदार नाही, मंत्री नाही. एका माजी विद्यार्थ्याने एका पगारदार शिक्षकाच्या खिशातील पैसे नाकारले, एवढाच व्यवहार तेथे झाला आहे. व्यक्तीने व्यक्तीला दिलेली मदत उपकार ठरू शकते आणि उपकार नाकारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. परंतु शासनाने नागरिकाला द्यावयाचे साहाय्य हा उपकार नव्हे. ते देणे आहे. शिक्षकाचे पैसे नाकारणाऱ्याने सरकारी देणेही माफ केले, असा अर्थ काढणे म्हणजे एका खटल्यातील साक्ष दुसऱ्याच खटल्यात वापरण्यासारखे आहे. व्यासपीठावरचे वाचन येथेच कोसळते.

दुसरी गोष्ट. हा माणूस प्रेरणा मागण्यासाठी आलेला नाही. तो येण्यापूर्वीच कामाला लागला आहे. त्याचे दुःख घर पडल्याचे तर आहेच, परंतु शिक्षकाच्या दारापर्यंत त्याला ज्याने आणले, ते एकाकीपण आहे. म्हणजे ज्या माणसाला आपण स्वावलंबनाचा आदर्श म्हणून मिरवतो, तो स्वतः मात्र ‘मला एकट्याने हे पेलत नाही’ असे सांगण्यासाठीच घराबाहेर पडला आहे. स्वावलंबन आणि एकाकीपण या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली त्याच्यापाशी आहे, दुसरीतून त्याला सुटका हवी आहे. आपल्या रागावलेल्या सहकाऱ्यांनी ही बाब लक्षात घेतली असती, तर कवितेवरील त्यांचा रोष निम्मा तरी कमी झाला असता. कवितेने कारणमीमांसा केली नाही हे खरे; परंतु विध्वंसानंतर माणसाला सोबत लागते, ही गोष्ट तिने सांगितली. संघटनेचा आरंभ याच गरजेतून होतो.

आपल्याकडे विध्वंसाची नोंद करणारा आणखी एक दस्तऐवज आहे, तो म्हणजे पंचनामा. भिंती किती पडल्या, भांडी किती वाहून गेली, गुरे किती दगावली, हे पंचनाम्यात लिहिले जाते. माणूस एकटा पडला, हे लिहिण्यासाठी त्यात रकाना नाही. कवितेत त्या एकटेपणाची नोंद आहे; परंतु नुकसान कोणाच्या निर्णयामुळे झाले, याचा रकाना तिच्यातही नाही. दोन्ही कागद अपुरे आहेत. कवीकडून पंचनाम्याची अपेक्षा करू नये हे योग्यच. पण कवितेचा वापर करून पंचनामा टाळणाऱ्यांना तसे करू देता कामा नये.

हा भेद किती जिव्हाळ्याचा आहे, ते पाहण्यासाठी जुन्नर तालुक्यातील येडगावला जावे. नाशिकचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतात; ती गंगा पावसाळ्यात चढते आणि उतरते. पुराचे पाणी कितीही उग्र असले तरी ते परत जाते आणि मागे गाळ का होईना, जमीन सोडते. म्हणूनच कवितेतील माणूस जुन्याच जागी भिंत उभारू शकतो. येडगावला कुकडी नदीवर सत्तरच्या दशकात धरण उभे राहिले. माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे आणि येडगाव या धरणांच्या कुकडी प्रकल्पातील ही मोक्याची जागा. येडगावच्या डाव्या कालव्यातून पाणी पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. या पाण्याने दुष्काळी मुलखात पिके उभी केली, खुद्द जुन्नरच्या काही भागातही बागायत फुलविली. ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु धरणाच्या भिंतीवर उभे राहून ‘कणा’ आठवावी, म्हणजे तिची उपमा कोठे थांबते ते कळते. धरणाचे पाणी पाहुणे म्हणून येत नाही. ते राजपत्रातील अधिसूचनेने येते, मोजणीदाराच्या साखळीने येते, भूसंपादनाच्या नोटिशीने येते, आणि आले की परत जात नाही. ज्याची जमीन या पाण्याखाली गेली, त्याने कितीही ताठ कण्याने चिखल उपसायचा म्हटले तरी उपसण्यासाठी चिखलही वर राहत नाही. त्याला दुसरीकडे जमीन द्यावी लागते, आणि ती दुसऱ्या कोणी तरी द्यावी लागते. येथे ‘मला काही नको’ हे वाक्य स्वाभिमानाचे ठरत नाही. ते आत्मघाताचे ठरते.

शेजारच्या आंबेगाव तालुक्याची कथा तर नावातच लिहिलेली आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावाहून चालतो आणि मूळ गाव कागदावरील नावापुरते उरले आहे. या खोऱ्यातील बुडालेल्या जमिनींत महादेव कोळी आदिवासींच्या जमिनी मोठ्या प्रमाणात होत्या. त्यांना ‘सर’ नव्हते. बहुतेकांपाशी पुरेसे कागदही नव्हते. भरपाई सात-बाराच्या उताऱ्यावरील नावाला मिळते. ज्या बाईने आयुष्यभर त्या जमिनीत भात लावला तिचे नाव उताऱ्यावर क्वचितच असते, आणि भूमिहीन मजुराचे तर नसतेच. कवितेतील मूक पत्नीविषयी स्त्री-कार्यकर्तीने विचारलेला प्रश्न येथे तहसील कचेरीत येऊन उभा राहतो.

धरणाने होणारा विध्वंस नैसर्गिक नसतो, ही जाणीव पुणे जिल्ह्याला नवी नाही. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह केला, तो बुडणाऱ्या गावांचा होता. धरण थांबले नाही. परंतु ‘बुडणाऱ्याला विचारल्याशिवाय बुडविता येणार नाही’ हा विचार तेथे रुजला. १२ जुलै १९६१ रोजी काम पुरे होण्यापूर्वीच पाणी साठविलेले पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि मुठेच्या काठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या दिवशी पुण्यात शिरलेल्या पाण्याला कोणी माहेरवाशीण म्हणू शकले असते काय? तेथे चौकशी आयोग बसवावा लागला, कारण प्रश्न नदीच्या लहरीचा नव्हता, माणसांच्या निर्णयाचा होता. पुढे डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी धरणग्रस्तांना संघटित केले, ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही मागणी महाराष्ट्रभर दुमदुमली आणि १९७६ साली राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला. १९८६ आणि १९९९ साली तो नव्याने करण्यात आला. या कायद्यांची अंमलबजावणी किती तोकडी झाली, हे प्रत्येक धरणग्रस्त सांगेल. तरीही जमिनीच्या बदल्यात जमीन ही मागणी भीक नसून हक्क आहे, ही गोष्ट कायद्याच्या भाषेत लिहिली गेली. ती कोणा एका माणसाच्या ताठ कण्यामुळे लिहिली गेली नाही. हजारो कणे एका रांगेत उभे राहिले, म्हणून लिहिली गेली.

स्वाभिमान आणि हक्क यांत विरोध नाही, याचे याहूनही स्पष्ट उदाहरण रोजगार हमीचे आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी शेतकरी आणि शेतमजूर, बायाबापड्यांसह, खडी फोडण्यासाठी रस्त्यावर आले. त्यांनी धर्मार्थ अन्नछत्र मागितले नाही, काम मागितले. वि. स. पागे यांनी पुढे आणलेल्या योजनेला या लोकांच्या दबावाने बळ मिळाले, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागेल त्याला काम देणे हे शासनावर बंधनकारक झाले. ‘कणा’मधील माणसाने नेमके हेच केले आहे, असे म्हणता येईल: त्याने दान नाकारले आणि झुंजण्यासाठी बळ मागितले. दुष्काळातील जनतेने तेच सामूहिक रीतीने केले आणि त्याचे रूपांतर हक्कात झाले. दान नाकारणारा माणूस शासनाला मोकळे करीत नाही. उलट तो शासनाला अधिक अवघड प्रश्न विचारतो. हे ज्याला कळले, त्याला ही कविता कळली.

पावसाळ्यातील विध्वंस आजही थांबलेला नाही, आणि त्याचे सर्वांत दारुण रूप याच भागाने पाहिले. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. गाव जागेवर नाही ही वार्ता बाहेर पोहोचली ती एका एस. टी. चालकामुळे. तेथे कवितेतल्यासारखे सरांच्या दारी जाण्यासाठी फार थोडेच उरले. अतिवृष्टी हे कारण उघड होते. परंतु डोंगरउतारावर यंत्रे लावून केलेल्या सपाटीकरणाची चर्चाही तेव्हा झाली आणि त्याबद्दल मतभेदही झाले. पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ सालीच अहवाल देऊन घाटातील निर्णय ग्रामसभांना विचारून घ्यावेत असे सुचविले होते. तो अहवाल स्वीकारण्याऐवजी दुसरी समिती नेमण्यात आली. माळीणच्या वाचलेल्यांसाठी आमडे येथे नवी वसाहत बांधली गेली आणि एप्रिल २०१७ मध्ये ती त्यांच्या स्वाधीन झाली. त्याच वर्षी पहिल्याच मोठ्या पावसात तेथील रस्ते आणि भराव खचल्याच्या बातम्या आल्या. पुढे २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये आणि १९ जुलै २०२३ रोजी खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी ही गावे तशीच दरडीखाली गेली. अशा प्रत्येक प्रसंगानंतर लोकांच्या जिद्दीचे कौतुक करणारी भाषणे करून थांबणे, म्हणजे पुढच्या पावसाळ्यासाठी नव्या जिद्दीची मागणी नोंदवून ठेवणे होय.

मग पाठीवरचा हात म्हणजे नेमके काय? त्याचेही उत्तर याच खोऱ्यात सापडते. डिंभ्याच्या बुडीत क्षेत्रातील आदिवासी ‘शाश्वत’ या संस्थेच्या साथीने संघटित झाले. ज्या जलाशयाने त्यांची शेते गिळली, त्याच जलाशयात मासेमारीचा हक्क त्यांनी सहकारी संस्था स्थापून मिळविला. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनी त्यांनी कसल्या. आणि पडकईची जुनी रीत त्यांनी पुन्हा उभी केली. पडकई म्हणजे काही कुटुंबांनी एकत्र येऊन, पाळीपाळीने एकमेकांच्या उतारावर दगडी बांध घालून भातखाचरे तयार करणे. आज माझ्या शेतात सगळ्यांचे हात, उद्या तुझ्या शेतात सगळ्यांचे. २०१२ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. परंतु पुरस्कारापेक्षा महत्त्वाचे हे की, येथे हात ठेवणारा आणि पाठ पुढे करणारा असे दोन वर्ग नाहीत. प्रत्येकजण पाळीने दोन्ही आहे. शिक्षकाच्या खुर्चीत बसून कविता वाचणाऱ्या आपल्या मध्यमवर्गीय मित्राला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

कार्यकर्त्यांनी या कवितेशी भांडू नये आणि तिला व्यासपीठावरील पाहुण्यांच्या ताब्यातही देऊ नये. सभेत कोणी ती म्हटली, तर टाळ्या संपण्यापूर्वी उठून तीन प्रश्न विचारावेत. या गावच्या नुकसानीचा पंचनामा झाला काय? त्यात भूमिहीनाचे आणि घरच्या बाईचे नाव आहे काय? आणि ज्या उतारावर वा ज्या काठावर हे घडले, तेथे पुन्हा घडू नये म्हणून ग्रामसभेला कोणी विचारले काय? हे प्रश्न विचारणे म्हणजे कवितेचा अवमान नव्हे. घर पडलेल्या माणसाला झुंजण्याचा सल्ला देण्याचा अधिकार त्यालाच आहे, जो सल्ला देऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी घमेले घेऊन त्याच्या दारी जातो, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर कचेरीच्या पायऱ्या चढतो.